लहरींना कान देणारा माणूस

‘रेंज’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. बांधावर उभा असलेला शेतकरी रेंज नाही म्हणतो, एस.टी.त बसलेली बाई रेंज गेली म्हणते, आणि घरातले पोर हातात फोन धरून या खोलीतून त्या खोलीत रेंज शोधत फिरते. हवेतून येणारी एक अदृश्य लहर आपल्या यंत्राने नीट झेलावी, एवढेच आपले मागणे. ते पुरे झाले नाही की आपण यंत्राला जुने ठरवून मोकळे होतो.

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याला लागले की कुंभारी येते. या गावाच्या माळरानावर विडी कामगार बायकांच्या लढ्यातून एक आख्खे गाव उभे राहिले. गोदूताई परुळेकरांचे नाव दिलेल्या दहा हजार घरांच्या वसाहतीच्या किल्ल्या २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिल्या गेल्या. पुढे जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मिळाल्या. घर लहान, पण स्वतःचे. भिंतीला लोखंडी कपाट, कोपऱ्यात पाण्याचे पिंप, दाराशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी आई, आणि आत कुणाकडून तरी स्वस्तात घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर अभ्यास करणारी मुलगी. दाराशी बसले तर नेट येते, कपाटाच्या आडोशाला बसले की जाते. दुकानदार सांगतो, हा लॅपटॉप काढून टाका, नवा घ्या. ज्या घरात मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर होतो, त्या घरात नवा लॅपटॉप म्हणजे किती हजार विड्या, हे गणित दुकानदाराला करावे लागत नाही. ते आईला करावे लागते.

म्हणून आज एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. रेंज म्हणजे काय, ती कशाने अडते, कशाने वाढते, याचा विचार या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यातल्या एका कोंदट खोलीत बसून केला होता. त्याच्याजवळ नवे यंत्र घ्यायला पैसे नव्हते. मुळात बाजारात तसे यंत्रच नव्हते. शाळेच्या पुस्तकाने त्याची ओळख आपल्याला वनस्पतींना संवेदना असते हे दाखवणारा शास्त्रज्ञ अशी करून दिली. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. जगदीशचंद्र बोस यांच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग ऐकण्याच्या यंत्राचा आहे.

कर्ज आणि पगार

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा. गाव मैमनसिंग, आताच्या बांगलादेशातले. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत, डेप्युटी मॅजिस्ट्रेट. त्या काळच्या साहेबी नोकरीतला माणूस मुलाला इंग्रजी शाळेत घालायचा. भगवानचंद्रांनी फरीदपूरला मुलाला बंगाली पाठशाळेत घातले. तिथे त्याच्या शेजारी वडिलांच्याच कचेरीतल्या मुसलमान चपराशाचा मुलगा आणि एका कोळ्याचा मुलगा बसत. नदीतल्या प्राण्यांच्या गोष्टी या मुलाने त्यांच्या तोंडून ऐकल्या. पुढे कलकत्त्याला सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक भेटले. प्रयोग करून दाखवल्याशिवाय हे गुरुजी पुढचा धडा घेत नसत. १८८० साली जगदीशचंद्र विलायतेला गेले ते डॉक्टर व्हायला. पण अंगात ताप मुरलेला आणि शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सोसवेना, म्हणून वैद्यकी सोडून केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले. तिथे लॉर्ड रॅले हे त्यांचे शिक्षक होते. पदव्या घेऊन परतल्यावर १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

इथून पुढचा भाग मी जन्माचा बँकवाला म्हणून जरा थांबून सांगतो. त्या काळी गोऱ्या प्राध्यापकाला जो पगार मिळे, त्याच्या दोन तृतीयांश पगार त्याच कामासाठी हिंदी माणसाला मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी होती, म्हणून त्याचेही निम्मे. म्हणजे रुपयातले जेमतेम पाच आणे. त्यांनी अर्ज केला नाही, राजीनामाही दिला नाही. वर्गावर जायचे, मनापासून शिकवायचे आणि पगाराला हात लावायचा नाही, असा त्यांचा खाक्या. एक महिना नाही, दोन महिने नाहीत, तब्बल तीन वर्षे.

घरी सुबत्ता असती तर हे शोभून दिसले असते. पण वडिलांनी लोकांच्या भल्याचे म्हणून जे उद्योग काढले, त्यांतले बरेचसे बुडाले होते आणि डोक्यावर कर्ज होते. १८८७ मध्ये लग्न झाले. पत्नी अबला दास या मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या बाई. नवरा बिनपगारी. कलकत्त्यातले भाडे परवडेना म्हणून दोघे चंद्रनगरला राहिले आणि हुगली नदी नावेने ओलांडून रोज जाणे-येणे सुरू झाले. तीन वर्षांनंतर सरकारने नमते घेतले. पूर्ण पगार कायम झाला, तोही मागच्या तारखेपासून. थकबाकी एकरकमी हातात पडली आणि ती वडिलांच्या देण्यात गेली. जमीन विकली, आईच्या मालकीचे विकले, उरलेले मुलाने पगारातून वर्षानुवर्षे फेडले. कर्जबुडव्यांच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या पिढीने हे प्रकरण एकदा वाचावे. वसुलीला कुणी दारात उभे नसतानाही कर्ज फेडणारा माणूस मी नोकरीत फार थोडा पाहिला.

चोवीस चौरस फुटांची खोली

पस्तिशी उलटेपर्यंत त्यांच्या नावावर संशोधन नव्हते. १८९४ साली, छत्तिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, त्यांनी ठरवले की यापुढचे आयुष्य नवे शोधण्यात घालवायचे. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी जर्मनीत हाइनरिक हर्ट्झ वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारला होता. मॅक्सवेलने कागदावर मांडलेल्या विद्युतचुंबकीय लहरी खरोखर असतात, हे हर्ट्झने प्रयोगाने दाखवले होते. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज याने हर्ट्झच्या कामावर व्याख्यान दिले, ते छापून आले, आणि जगभरच्या चार-सहा माणसांना एकदम या लहरींचा नाद लागला. इटलीत मार्कोनी, रशियात पोपोव्ह, कलकत्त्यात बोस.

कॉलेजने जागा दिली ती न्हाणीघराला लागून असलेली चोवीस चौरस फुटांची खोली. आपल्याकडची जिन्याखालची अडगळही याहून मोठी असते. मदतीला पत्र्याचे काम करणारा एक अशिक्षित कारागीर. त्याला हाताशी धरून सगळी उपकरणे घडवली. पण अडचणीतच एक युक्ती सापडली. हर्ट्झच्या लहरींची लांबी हात-दीड हाताची होती. अशा लांब लहरींवर प्रयोग करायचे तर आरसे आणि भिंगे माणसाएवढी हवीत आणि खोली दिवाणखान्याएवढी. बोस यांनी लहरच लहान केली. पाच मिलिमीटर ते अडीच सेंटिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापासून बोटाच्या दोन पेरांपर्यंत. मग सगळा संसार एका टेबलावर मावला. लहर बाहेर सोडायला आणि झेलायला त्यांनी पत्र्याचे चौकोनी नरसाळे केले. रेडिओ दुर्बिणींत आणि उपग्रहाच्या छत्र्यांत लहर गोळा करायला आज जे शिंगाच्या आकाराचे भाग बसवतात, त्यांच्या पूर्वजांत या नरसाळ्याची गणना होते.

१८९५ साली कलकत्त्यात त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका खोलीतून लहर निघाली, भिंती भेदून पलीकडे गेली, तिथे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा बार उडाला. मधे तार नव्हती. सभेत समोर बसलेल्या बड्या साहेबाच्या देहातूनही ती लहर आरपार गेली होती आणि साहेबाला त्याचा पत्ताही नव्हता. पुढल्या वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. लिव्हरपूलच्या सभेत लॉर्ड केल्व्हिनसारख्यांनी वाखाणले. २९ जानेवारी १८९७ च्या संध्याकाळी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, जिथे फॅराडे बोलला होता त्याच जागी, त्यांनी टेबलावर मावणारी आपली सगळी यंत्रे मांडून दाखवली.

रेल्वेचे वेळापत्रक आणि तागाची जुडी

त्या टेबलावर एक गमतीची वस्तू होती. ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक. त्या जाडजूड पुस्तकाच्या पानापानांत बोस यांनी कथलाचा पातळ पत्रा घातला होता. पुस्तक एका दिशेने धरले की लहर त्यातून सुखाने पार होई. तेच पुस्तक काटकोनात फिरवले की लहर अडे. लहरीला तिची अशी दिशा असते. कंगवा केसांतून उभा जातो, आडवा अडकतो, तसेच हे. पुढे त्यांनी तागाच्या पिळलेल्या जुड्या लहरीच्या वाटेत ठेवल्या आणि पीळ उजवा की डावा यावर लहरीची दिशा कशी वळते ते दाखवले. ज्या शहरात सुताचा पीळ पोराटोरांना कळतो, त्या सोलापुरात तरी हा प्रयोग समजावून सांगायला नको.

आता कुंभारीच्या त्या लॅपटॉपकडे वळू. घरातल्या वाय-फायची नेहमीची लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे पाच इंच. नव्या यंत्रांना आणखी एक पट्टा कळतो, त्याची लहर पाच-सहा सेंटिमीटरची. बोस यांच्या टेबलावरची लहर तिच्याहून आखूड होती, पण जात एकच. कथलाच्या पत्र्याने जशी ती लहर अडली, तशी ही लोखंडी कपाटाने अडते. पाणी तिला पिऊन टाकते, म्हणून भरलेले पिंप हा मोठाच अडसर. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते, तीही तिची वाट थोडी अडवते. म्हणून राउटर कपाटामागे किंवा जमिनीवर ठेवू नये. घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या वर, मोकळ्या जागी ठेवावा. त्याला काड्या असतील तर एक उभी आणि एक आडवी करून पाहावी. याचे कारण रेल्वेच्या वेळापत्रकात आहे.

लॅपटॉपचा कान बहुधा पडद्याच्या चौकटीत, वरच्या कडेला लपवलेला असतो. त्यामुळे पडदा पुरता उघडून, यंत्राचे तोंड थोडे फिरवून पाहिले तर फरक पडतो. भिंतीवरून परतलेली लहर आणि सरळ आलेली लहर कुठे एकमेकींना मारतात, कुठे एकमेकींना जोर देतात. पाच इंचांच्या लहरीत या दोन जागांमधले अंतर चार बोटांचेही असू शकते. म्हणून यंत्र चार बोटे सरकवून नेट येते, यात जादूटोणा नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये त्या कानापासून कार्डापर्यंत जाणारी बारीक वायर बिजागरीतून जाते. हजारदा उघडमीट करून ती सैल होते किंवा तुटते. चांगला दुरुस्तीवाला ती पाहून देतो. बॅटरी वाचवण्याची सेटिंग लावलेली असेल तर यंत्र वाय-फायलाही अर्धपोटी ठेवते, ती काढून पाहावी. कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ते जुने असेल तर नवे घालावे. एवढे करूनही भागले नाही, तर यूएसबीला लावायचा बोटाएवढा ॲडॉप्टर मिळतो. तो हातभर वायरीच्या टोकाला लावून खिडकीशी किंवा फळीवर ठेवला की लॅपटॉपला नवा कान फुटतो. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ.

आणि वसाहत दाट असेल तर शेजारपाजारच्या राउटरांचा कालवा असतो. पाच इंचांच्या लहरीच्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, १, ६ आणि ११. शेजाऱ्यांनी आपापसांत वाटून घेतल्या तर सगळ्यांचे भले. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात ओरडते, तिच्यापासून राउटर लांब ठेवावा. बोस यांनीही आपले लहर सोडणारे यंत्र, त्याची बॅटरी आणि बटण, सगळे धातूच्या पेटीत कोंडले होते. नको ती लहर निसटून ऐकणाऱ्या यंत्राच्या कानात जाऊ नये, यासाठी. आधी गोंगाट बंद करायचा, मग ऐकायचे, हा त्यांचा क्रम.

आमच्या बँकेच्या एका खेड्यातल्या शाखेवर उपग्रहाची छत्री होती. ती दर पावसाळ्यात मुकी व्हायची. वरून हुकूम आला की छत्री बदलून मोठी बसवा. निविदा निघायच्या बेतात असताना शाखेतला शिपाई गच्चीवर चढला आणि म्हणाला की पावसाळ्यात लिंबाची फांदी पालवून छत्रीपुढे येते. फांदी छाटली. छत्री तीच राहिली आणि बोलू लागली.

थकणारा कान

बोस यांचे खरे कसब लहर सोडण्यात नव्हते, ते लहर ओळखण्यात होते. त्या काळचा कान म्हणजे काचेच्या नळीत भरलेला धातूचा कीस. लहर आली की कीस एकमेकांना चिकटे आणि वीज वाहू लागे. पण चिकटलेला कीस आपणहून सुटत नसे. प्रत्येक खुणेनंतर नळीला टिचकी मारावी लागे, नाहीतर पुढची खूण ऐकू येत नसे. शिवाय बंगालच्या दमट हवेत कीस गंजून जाई. बोस यांनी कीस टाकून दिला आणि पोलादी बारीक स्प्रिंगा शेजारी शेजारी मांडल्या, त्यांना कोबाल्टचा मुलामा दिला. स्प्रिंगांवरचा दाब स्क्रूने कमी-जास्त करून कान हवा तेवढा तीक्ष्ण करता येई. मग आणखी पुढचे पाऊल. १८९९ साली त्यांनी रॉयल सोसायटीपुढे असा कान मांडला की ज्यात लोखंड आणि पारा यांचा हलका स्पर्श होता आणि ज्याला टिचकी लागतच नव्हती. खूण आली, ऐकली, पुन्हा ताजातवाना.

१२ डिसेंबर १९०१ या दिवशी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने पतंगाला तार बांधून, कानाला टेलिफोन लावून, अटलांटिकपलीकडून आलेले तीन टिंबांचे एक अक्षर ऐकले. त्याच्या हातातला कान पाऱ्याचा होता आणि तो इटलीच्या आरमाराकडून मिळालेला म्हणून सांगितला गेला. त्या कानाचे मूळ बोस यांच्या १८९९ च्या निबंधात आहे, असे प्रबीर बंद्योपाध्याय या अभ्यासकाने १९९८ साली साधार मांडले. मार्कोनीचे श्रेय यामुळे पुसले जात नाही. उंच तारा, लांब लहरी, जिद्द आणि धंद्याचे डोके हे सगळे त्याचे होते, आणि बोस यांच्या पाच मिलिमीटरच्या लहरी समुद्र ओलांडू शकल्याही नसत्या. पण १९०९ चे नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळाले, आणि कान घडवणाऱ्याचे नाव तळटिपेतही आले नाही. जगाला हाक मारणारा आठवतो, ऐकणारा आठवत नाही.

यात बोस यांच्या स्वभावाचाही वाटा होता. लंडनमध्ये एक कारखानदार निम्मा नफा देऊ करून दारात आला. बोस यांनी त्याला परत पाठवले. ज्ञान विकायचे नाही, ही त्यांची धारणा. शेवटी सिस्टर निवेदिता आणि सारा बुल या दोघींनी हट्ट धरला, तेव्हा अमेरिकेत अर्ज गेला. २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मिळाले. गॅलिना नावाच्या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर धातूचे टोक टेकवून लहर ओळखायची, असा तो कान. अर्धवाहक पदार्थाच्या उपकरणावरचे हे जगातले पहिले पेटंट मानतात. आज लॅपटॉपच्या पोटात जे काही आहे, ते सारे अर्धवाहकांचेच. बोस यांनी त्या पेटंटचा पैसा केला नाही, मुदत संपू दिली. बँकेचा माणूस म्हणून हिशेब मांडला तर हा व्यवहार तोट्याचा दिसतो. पण ज्याने तीन वर्षे पगार नाकारला होता, त्याच्या खात्यात तोटा ही जमेची बाजू असावी.

मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. त्यांचा कान सतत वापरला की मंद होई आणि विश्रांती दिली की पुन्हा तल्लख होई. धातू थकतो? मग थकवा म्हणजे काय? स्नायू थकतो, पान थकते, लोखंड थकते, तिन्हींच्या आलेखांचे वळण सारखे. इथून ते वनस्पतींकडे वळले. म्हणजे शाळेच्या पुस्तकातले बोस हे रेंजच्या बोसांचेच पुढचे पाऊल. १९०१ च्या जूनमध्ये रॉयल सोसायटीत त्यांनी हे मांडले तेव्हा शरीरशास्त्राचे बुजुर्ग बर्डन-सँडरसन उभे ठाकले. भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या हद्दीत राहावे असा त्यांचा सूर होता. निबंध छापायचा थांबला. बोस मागे हटले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र पुस्तक काढले. रवींद्रनाथ टागोर या मित्राने त्रिपुराच्या महाराजांकडून पैशांची सोय केली, निवेदितांनी लेखनाला हात दिला. झाडाची वाढ लाखो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ नंतरच्या काळातला. वनस्पतींबद्दलची त्यांची सगळीच अनुमाने विज्ञानाने स्वीकारली नाहीत. झाडात विजेचे संदेश वाहतात, हे मात्र आज कुणी नाकारत नाही.

दौंड ते खोडद

१९१५ साली ते कॉलेजातून निवृत्त झाले आणि १९१७ च्या ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात स्वतःची संस्था उघडली. त्याच वर्षी सर हा किताब आला. १९२० मध्ये ज्या रॉयल सोसायटीने निबंध अडवला होता, तिनेच त्यांना सभासद करून घेतले. त्याच साली त्यांचे सविस्तर चरित्र निघाले. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणजे या बंगाली माणसाच्या चरित्राचा एक धागा मुंबईतूनही गेला आहे.

आणखी एक धागा आपल्या सोलापूर लाइनीवरच आहे. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी तारसेवा सुरू झाली. संदेश सोडायचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ऐकायचे केंद्र दौंडला. सोडणे आणि ऐकणे एका जागी ठेवले नाही, कारण आपणच मारलेल्या आरोळीने आपलाच कान बधिर होतो. सोलापूरहून पुण्याला जाणारी गाडी दौंडला थांबते, तिथे चहा घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की या गावाने एके काळी विलायतेला कान लावला होता?

त्याच पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस छत्र्या. ती कुणालाही काही सांगत नाही, फक्त ऐकते. ती जागा निवडताना पाहिली गेली ती शांतता, माणसांच्या यंत्रांचा गोंगाट तिथे कमी म्हणून. बोस यांची चोवीस चौरस फुटांची खोली आणि खोडदचा पंचवीस किलोमीटरचा पसारा यांत तत्त्व एकच. आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरीचा जोर आपल्याला वाढवता येत नाही. कान तीक्ष्ण करता येतो, जागा नीट निवडता येते, गोंगाट कमी करता येतो.

१९३७ च्या जुलैत मार्कोनी वारला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला गिरिडीह येथे जगदीशचंद्र गेले. एकोणऐंशीवा वाढदिवस आठवड्यावर आला होता. पाच मिलिमीटरच्या लहरी नंतर बराच काळ अडगळीत पडल्या. लांब पल्ल्याला त्या उपयोगाच्या नव्हत्या. मग शतक उलटता उलटता त्यांची गरज भासू लागली. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या डोंगरावरील रेडिओ दुर्बिणीच्या ग्रहण यंत्रात त्यांच्या १८९७ च्या दोन लोलकांची कल्पना वापरली गेली. एका खोलीतल्या एका खोलीत अतिवेगाने माहिती धाडणाऱ्या बिनतारी यंत्रांना त्याच पट्ट्यात जागा मिळाली. २०१२ साली विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने प्रेसिडेन्सीतल्या त्या प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली.

त्यांची नरसाळी, स्प्रिंगा आणि खनिजाचे खडे कलकत्त्याच्या संस्थेत जपून ठेवले आहेत. पत्र्याच्या त्या कामात सफाई नाही, कारागिराच्या हातोडीचे ठोके दिसतात. विलायतेतून चांगले यंत्र येईल तेव्हा संशोधन करू, असे म्हणून हा माणूस थांबला असता, तर त्याला कुणी दोष दिला नसता. पगार कमी, जागा अपुरी, हवा दमट, कर्ज डोक्यावर. कारणे भरपूर होती. त्याने हाताशी होते ते यंत्र घेतले, त्यातला गंज काढला, स्क्रू अर्धा फेरा फिरवला, आणि कान लावला.